गाठीमागे दोन आणे



विषयाला हात घालण्याआधी एक कबुली देतो. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझं आयुष्य हिशेबात गेलं. दख्खनच्या पठारावरच्या एका कोरडवाहू संशोधन केंद्राच्या लेखा विभागात मी काही वर्षं होतो. १९९१ च्या आर्थिक संकटानंतर वरून खर्च आवरण्याचे आदेश आले, तेव्हा लाल शाईचं पेन माझ्या हातात होतं. त्या पेनाने मी एक ओळ खोडली. कोणती, ते शेवटी सांगतो. त्या एका ओळीमुळेच मी निवृत्तीनंतर हा विषय वाचायला लागलो.

प्रश्न साधा आहे. सरकारची तिजोरी आटते, तेव्हा शेतीच्या संशोधन केंद्राला कोण पोसतं? दवाखाना बंद केला तर दुसऱ्या दिवशी दारात माणसं उभी राहतात. रेल्वे बंद केली तर ओरड होते. संशोधन केंद्र बंद केलं तर काहीच होत नाही. पीक पुढच्या वर्षी येतंच, त्याच्या पुढच्या वर्षीही येतं. नुकसान पंधरा-वीस वर्षांनी दिसतं, आणि तोपर्यंत कात्री चालवणारा साहेब पेन्शन घेत असतो. माझ्यासारखा.

आपल्याकडच्या मोठ्या संशोधन संस्थेची सुरुवात सरकारी पैशाने झाली असं आपण धरून चालतो. पण पहिल्या मोठ्या प्रयोगशाळेमागे एका अमेरिकन माणसाची देणगी आहे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ, यांनी इंग्रज सरकारला पुरतं हलवलं होतं. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना हेन्री फिप्स नावाचे पिट्सबर्गचे पोलाद उद्योगपती, अँड्र्यू कार्नेगी यांचे भागीदार, यांनी ३०,००० पौंड दिले. त्यातला मोठा भाग बिहारमधल्या पुसा इथल्या प्रयोगशाळेवर खर्च झाला. १ एप्रिल १९०५ ला कर्झनने कोनशिला बसवली. हीच पुढे दिल्लीला गेलेली आपली ‘पुसा’ संस्था.

इथे एक गंमत. पुसा म्हणजे ‘फिप्स ऑफ यूएसए’ असं आमचे साहेब लोक मोठ्या थाटात सांगायचे, आणि मीही कितीतरी वर्षं तेच इतरांना सांगितलं. ते खोटं आहे. पुसा हे गावाचं नाव. फिप्सच्या कितीतरी आधी तिथे सरकारी घोड्यांच्या पैदाशीची जागा होती, आणि तेव्हाही तिला पुसाच म्हणत. पण ही दंतकथा इतकी टिकली याचं कारण मला कळतं. पैसा कोणाचा, हे नावात शोधण्याची माणसाला खोड असते.

देणगीची एक मर्यादा मात्र लक्षात घ्या. देणगीतून इमारत होते, पगार होत नाही. फिप्सच्या पैशाने भिंती उभ्या राहिल्या. आतल्या शास्त्रज्ञांचा, काचसामानाचा, बैलांच्या वैरणीचा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकातून येणार होता. आणि अंदाजपत्रकाला कात्री लागते.

ती लागली पहिल्या महायुद्धानंतर. आधी एक प्रशासकीय बदल झाला. १९१९ च्या सुधारणा कायद्याने शेती हे खातं प्रांतांकडे आणि तिथल्या भारतीय मंत्र्यांकडे सोपवलं. कानाला हे फार गोड लागतं. पण खातं दिलं तरी त्याच्याबरोबर पैसा तेवढा दिला नाही. प्रांताच्या मंत्र्याने शेतीचं कोणतं नवं काम मागितलं की अर्थखात्यात ते अडायचं. दुसरीकडे मध्यवर्ती सरकारची तूट वाढत होती. म्हणून लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखाली काटकसर समिती नेमली. मार्च १९२३ मध्ये तिचा अहवाल आला आणि तिने १९ कोटींच्या वर कपात सुचवली. सगळ्यात मोठा वाटा लष्कराचा होता, पण नागरी खातीही सुटली नाहीत. तरी तूट भरेना, म्हणून त्याच वर्षी मिठावरचा कर दुप्पट झाला. विधिमंडळाने नाकारलेला कर व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात लादला. असा तो काळ.

आणि त्याच १९२३ साली, एकीकडे कात्री चालू असताना, शेती संशोधनासाठी एक कायदा झाला. इंडियन कॉटन सेस अॅक्ट. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो वाचताना मजा येते, इतका तो साधा आहे. देशातून बाहेर जाणाऱ्या किंवा इथल्या गिरणीत वापरल्या जाणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर उपकर. गाठ ४०० पौंडांची, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण १८१ किलोंची. पहिली तीन वर्षं चार आणे, त्यानंतर दोन आणे. तरुण श्रोत्यांसाठी सांगतो, सोळा आण्यांचा रुपया. दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा भाग. हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळायचा नाही. तो इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीला मिळायचा. तिची कचेरी मुंबईत होती, आणि तिच्यात गिरणीवाले, व्यापारी, उत्पादक आणि शेतीखात्याचे लोक एकत्र बसायचे.

यामागे काही शेतकऱ्याचा कळवळा नव्हता. महायुद्धात लांब धाग्याचा कापूस कुठून आणायचा याची चिंता पडली होती. १९१७ मध्ये मॅकेना यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली आणि हिंदुस्थानी कापसाची प्रत सुधारण्यासाठी कायमची संस्था हवी, असं तिने सांगितलं. गिरण्यांची गरज होती, म्हणून गिरण्या द्यायला तयार झाल्या. शेवटी ते दोन आणे शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातूनच वळते झाले असणार असं माझं मत आहे, पण ते सोडा.

हिशेबाच्या नजरेने त्या कायद्यातली खरी हुशारी वेगळीच आहे. उपकर किमतीवर नव्हता, गाठीवर होता. १९२९ नंतर जगभर मंदी आली, कापसाचा भाव कोसळला. जमीनमहसूल वसूल होईना. १९३१ साली सरकारी नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात झाली. पण गाठ ती गाठ. भाव निम्म्यावर आला तरी गाठीमागे दोन आणे तेवढेच. ज्या वर्षांत सगळी खाती हात आखडून बसली होती, त्या वर्षांत कापसाच्या संशोधनाकडे स्वतःचा पैसा होता. मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये कापूस तपासण्याची प्रयोगशाळा निघाली, तिथे नव्या वाणांचं सूत कातून पाहायचे. ती अजून तिथेच आहे, नाव बदललं आहे.

याच पैशातून १९२४ साली इंदूरला एक संस्था निघाली, आणि तिच्याबद्दल जरा सावकाश बोलतो. मी आता इंदूरला मुलाकडे राहतो, त्यामुळे थोडा पक्षपात होईल तो सहन करा.

अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड, दोघंही वनस्पतिशास्त्रज्ञ, पुशाला होते. तिथे त्यांनी गव्हाचे नामांकित वाण काढले. पण हॉवर्ड पुशाला कंटाळले. संस्था विषयांत वाटलेली होती. कीटकवाला एका खोलीत, बुरशीवाला दुसऱ्या, मातीचा रसायनवाला तिसऱ्या. झाड एकच, आणि त्याचे तुकडे पाच खात्यांत. हॉवर्डना बी, माती, पाणी, बैल, मजूर या सगळ्यांचा एकत्र विचार करायचा होता. अंदाजपत्रकी संस्थेत हे जमत नाही. मी त्या व्यवस्थेत नोकरी केली आहे, म्हणून सांगतो. तिथे प्रत्येक पैशाला लेखाशीर्ष असतं, आणि बैलाच्या शीर्षातून मातीवर खर्च केला की आक्षेप येतो.

कॉटन कमिटीने त्यांना अनुदान दिलं. मध्य भारतातल्या संस्थानांनी वर्गणी घातली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. आता पैसा कापसाचा, म्हणजे काम कापसाचं हवं. हॉवर्डनी काय केलं? कापूस काळ्या मातीत येतो, म्हणून काळी माती अभ्यासली. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबतं, म्हणून निचरा. माती भुकेली असते, म्हणून खत. शेण तर चुलीत जातं, म्हणून कपाशीच्या पळाट्या, पालापाचोळा, तण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांपासून खत. अशा रीतीने कापसाच्या दोन आण्यांतून इंदूर कंपोस्ट तयार झालं. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद, २ फूट खोल खड्डा. थर रचायचे, ओल ठेवायची, आणि तीनदा उलथायचं: साधारण पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार.

हे काम हॉवर्डनी एकट्याने केलं असं आपण म्हणतो. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पद्धतीच्या पुस्तकावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड संस्थेत रसायनाचं काम पाहत. सेंद्रिय शेतीवर बोलणारी मंडळी हॉवर्डचं नाव घेतल्याशिवाय पाणी पीत नाहीत, पण वाडांचं नाव मी आजवर फार कमी व्यासपीठांवर ऐकलं आहे. म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

पुढे एप्रिल १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा हे खत बघायला संस्थेत गेले. हॉवर्ड तोपर्यंत इंग्लंडला परतले होते. खड्डे चालू होते. आज त्या आवारात कृषी महाविद्यालय आहे. चहूबाजूंनी शहर आलं आहे, आणि शहराच्या मधोमध असलेली मोकळी शेतजमीन म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तिच्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाला तिथे कापूस सोडून दुसरंच काहीतरी दिसतं.

इथपर्यंत गोष्ट छान चालली आहे. कात्रीच्या काळात पिकाने स्वतःचा उपकर भरला आणि संशोधन वाचलं. बरेच लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, सरकारकडे कशाला तोंड वेंगाडायचं, पिकाचा पैसा पिकाला लावा. मीही तसंच म्हणायचो. मग मी ज्वारीकडे वळलो.

कापसाला फाटक असतं. तो जिनिंगला जातो, गाठ बांधतात, गाठ गिरणीत जाते नाहीतर बंदरावर. फाटकाशी माणूस बसवा, मोजा, दोन आणे घ्या. चहाला फाटक आहे. लाखेला फाटक आहे. पण सोलापूरची, विजापूरची ज्वारी शेतातून खळ्यावर जाते, खळ्यावरून कणगीत, कणगीतून जात्यावर, जात्यावरून तव्यावर. कडबा दारच्या बैलाला. मोजायचं कुठे? दोन आणे घ्यायचे कोणाकडून? जे पीक घरातच खाल्लं जातं, त्याच्यावर उपकर बसवता येत नाही. आणि ज्याच्यावर उपकर बसत नाही, त्याच्या संशोधनाला सरकारच्या अंदाजपत्रकाशिवाय आई-बाप नसतो. दुष्काळाच्या पट्ट्यात नेमकी हीच पिकं.

या पट्ट्याची दुरवस्था मोजण्याचं काम पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून झालं होतं. हॅरल्ड मॅन तिथे प्राचार्य होते, पुढे ते मुंबई प्रांताचे शेती संचालक झाले. त्यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर घराघरांत जाऊन अभ्यासलं. मग अवर्षणाच्या पट्ट्यातलं जातेगाव बुद्रुक घेतलं. १९२१ मध्ये छापलेल्या या दुसऱ्या अभ्यासावर मॅन यांच्याबरोबर एन. व्ही. कानिटकर यांचं नाव आहे. जमिनीचे तुकडे, कर्ज, उत्पन्न, खर्च, सगळं मांडलं आहे. हिशेबाचा माणूस म्हणून सांगतो, तो ताळेबंद बघवत नाही. बहुतेक घरांचा खर्च शेतीच्या उत्पन्नात बसतच नव्हता.

हे कानिटकर पुढे मातीकडे वळले. कर्जाच्या वहीतून मातीतल्या ओलीच्या वहीकडे. १९२३ साली (तेच साल, बघा) मांजरीला ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू केलं, आणि ते काम पुढे कानिटकरांनी वाढवलं. त्यांचा प्रश्न असा: पाऊस पडतो तेवढाच पडणार. मग पडलेल्यातला किती मातीत थांबवता येईल, आणि शाळूच्या कणसापर्यंत किती पोचवता येईल?

मुंबई प्रांताला हे काम मोठ्या प्रमाणावर परवडत नव्हतं. दरम्यान १९२८ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांच्या शेती आयोगाचा अहवाल आला. आयोगाने शेती संशोधनासाठी एक अखिल भारतीय परिषद सुचवली आणि तिच्यासाठी ५० लाखांचा निधी सुचवला. त्या निधीची अट मला फार आवडते: तो मार्चअखेर परत जाणारा नसावा. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही याचा अर्थ समजावा लागणार नाही. ३१ मार्चला शिल्लक पैसा परत जातो म्हणून फेब्रुवारीत खुर्च्या घेणारी आपण माणसं. रब्बीचं पीक तर मार्च उलटायच्या सुमारास घरात येतं! प्रयोगाचं वर्ष आणि हिशेबाचं वर्ष यांचं कधी पटलेलं नाही. परिषद १९२९ मध्ये झाली. सरकारने ५० ऐवजी २५ लाख दिले. आणि लगेच मंदी आली.

तरीही या परिषदेने १९३३ नंतर पाच ठिकाणी कोरडवाहू केंद्रांना पैसा दिला. सोलापूर आणि विजापूर मुंबई प्रांतात, हगरी मद्रास प्रांतातल्या बळ्ळारीकडे, रायचूर निजामाच्या राज्यात, आणि रोहतक पंजाबात. आजच्या नकाशावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि हरयाणा. व्हिडिओत मी नकाशा दाखवला होता. पुस्तक वाचणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की रोहतक सोडलं तर ही सगळी ठिकाणं १८७६ च्या दुष्काळाच्या मुलखात आहेत.

या केंद्रांनी काय सांगितलं? बांधबंदिस्ती करा. दर तिसऱ्या वर्षी खोल नांगरट करा. शेणखत घाला. बी कमी पेरा, दोन ओळींत १८ इंच अंतर ठेवा. वारंवार कोळपा, म्हणजे भेगा बुजतील आणि ओल उडणार नाही. याला पुढे कोरडवाहू शेतीची मुंबई पद्धत म्हणायला लागले. कानिटकरांचं ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ १९४४ मध्ये परिषदेने छापलं, त्यात हे सगळं आहे.

आता प्रामाणिकपणे सांगायला हवं. याने उत्पादन किती वाढलं? साधारण १५ ते २० टक्के. आणि मुळात उत्पादन होतं हेक्टरी दोनशे ते चारशे किलो. म्हणजे तीनशे किलोंचे साडेतीनशे झाले. या आकड्यावर कोणी फटाके वाजवत नाही. शेतकऱ्याला बांध घालायला पैसा लागणार, नांगरटीला चार बैलजोड्या लागणार, आणि हातात येणार पन्नास किलो जास्त. त्याने हिशेब केला असेल आणि मान हलवली असेल. संचालकाला वर पाठवायला मोठा आकडा नाही, मंत्र्याला भाषणात सांगायला काही नाही. उसाच्या नव्या वाणांनी उत्तर भारतात शेतं पालटली. तसं इथे काही दिसणार नव्हतं.

योजनेची मुदत दहा वर्षांची होती. १९४३-४४ च्या सुमारास ती संपली. युद्ध चालू होतं, बंगालात माणसं मरत होती, विजापूरकडे दुष्काळ होता. १९४२ मध्ये मुंबई प्रांताने जमीन सुधारणेचा कायदा केला होता आणि त्याखाली दुष्काळी कामं म्हणून बांध घातले जात होते, म्हणजे केंद्रांनी शिकवलेलं काही अगदी वाया गेलं नाही. पण जिथे मोजमाप चाललं होतं, तो धागा तुटला.

कोरडवाहू संशोधनाला पुन्हा राष्ट्रीय पातळीवर पैसा मिळाला १९७० मध्ये. हैदराबाद मुख्यालय असलेला अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, कॅनडाची मदत होती, २३ केंद्रं होती. त्यात सोलापूर होतं. मधे सव्वीस-सत्तावीस वर्षं गेली. आणि लगेच १९७२ चा दुष्काळ आला. माझ्या पिढीच्या मराठी माणसाला ‘बहात्तर’ एवढंच म्हटलं तरी पुरतं: सुकडी, खडी फोडायची कामं, मिलोचं लाल धान्य.

दुष्काळाच्या संशोधनाला दहा वर्षांची मुदत देणं ही काय चीज आहे, ते बघा. सोलापूरला सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण सरासरी पाऊस कधी पडत नाही. एखादं वर्ष हजाराचं, एखादं चारशेचं. दहा वर्षांत खरी वाईट वर्षं दोन किंवा तीन येणार. एवढ्यावरून तुम्ही काय शिकणार? इंग्लंडात रोथॅमस्टेडला १८४३ पासून एका शेतात गहू पेरून मोजत आहेत, आणि ते टिकलं याचं एक कारण म्हणजे लॉझ नावाच्या मालकाने १८८९ मध्ये एक लाख पौंड बाजूला काढून विश्वस्तांच्या हाती दिले. फार लांब नको, आपल्याच कोइमतूरला १९०९ पासूनचा एक खताचा प्रयोग आहे. त्या जमिनीच्या मातीचा शंभर वर्षांचा आलेख काढता येतो. सोलापूरच्या मातीचा तसा काढायला गेलात, तर मधे खड्डा.

एक गोष्ट मात्र खड्ड्यातूनही टिकली, आणि ती सोलापूर जिल्ह्यातलीच. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एक वाण काढला. त्याचं नाव एम ३५-१. रब्बीचा शाळू म्हणून आजही हजारो शेतकरी तो पेरतात. इंदूरच्या, हैदराबादच्या, बडोद्याच्या मराठी घरात चांगली पांढरी भाकरी होते, त्या पिठाच्या मागे बहुतेक वेळा हाच वाण किंवा त्याच्या नात्यातला असतो. नव्वद वर्षांच्या आसपास झाली. या वाणावर कोणी गाठीमागे दोन आणे भरले नाहीत. मोहोळच्या केंद्रावर तेव्हा जो काही फुटकळ खर्च झाला असेल, त्याचं व्याज अजून चालू आहे.

उपकराचं पुढे काय झालं, तेही सांगतो. मंदीत पोळलेल्या परिषदेने शेवटी कापसाचीच वाट धरली. १९४० च्या कायद्याने ठरावीक शेतमालाच्या निर्यातीवर किमतीच्या अर्धा टक्का उपकर बसला आणि तो परिषदेला मिळू लागला. फरक एवढाच की हा पैसा सगळ्या पिकांसाठी एकत्र होता. बंदरावरच्या फाटकात गोळा करायचा आणि जिथे फाटक नाही तिथेही खर्च करता यायचा. माझ्या मते त्या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वात शहाणपणाची तरतूद होती. १९६० च्या दशकात कापसासारख्या पिकांच्या स्वतंत्र समित्या मोडून त्यांचं काम परिषदेत आणलं, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात हा जुना उपकरही गेला. आता सगळं पुन्हा अंदाजपत्रकावर. म्हणजे पुन्हा लाल शाईवर.

तेव्हा माझ्या लाल शाईकडे येतो.

आमच्या केंद्रावर पर्जन्यमापक होता. सकाळी साडेआठला मोजायचा, वहीत लिहायचं. त्यासाठी एक रोजंदारीचा माणूस होता. गावातला, चौथी शिकलेला, अक्षर सुंदर. आदेश आला तेव्हा पगाराच्या पदांना हात लावता येत नव्हता, जीपचं डिझेल साहेबांना हवं होतं, प्रयोगशाळेचं सामान आधीच कमी केलेलं. राहिली रोजंदारी. मी ती ओळ खोडली. वर्षाची रक्कम इतकी लहान होती, की लाखांच्या तक्त्यात ती दशांश चिन्हानंतर गेली असती. पहारेकरी मोजेल, असं ठरलं. मीच सुचवलं, आणि माझ्या काटकसरीचं मीटिंगमध्ये कौतुक झालं.

आठ-नऊ वर्षांनी एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी माझ्या टेबलाशी आली. शेतातून पाणी किती वाहून जातं याचं सूत्र ती बसवत होती. त्याला रोजचा पाऊस लागतो. एका दिवसात पडलेले साठ मिलिमीटर आणि दोन दिवसांत पडलेले साठ, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्यात बांध फुटतो, दुसऱ्यात पाणी मुरतं. ती म्हणाली, “काका, या वर्षांपासून रविवारी पाऊसच पडत नाही. आणि दिवाळीतही नाही. सोमवारी मात्र दुप्पट पडतो. हे असं कसं?”

मी तिला सांगितलं, कसं ते. तिने ती वर्षं गाळून टाकली. तिच्या आलेखात तिथे तुटक रेघ आहे.

निवृत्त होण्याआधी मी ती वही एकदा काढून बघितली. पहारेकऱ्यानेही आपल्या परीने इमान राखलं होतं. एका रविवारच्या रिकाम्या चौकटीत त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘रात्री लई झाला. मोजला नाही.’

पुढच्या भागात कोइमतूरच्या उसाकडे जाऊ. नमस्कार.